दोनशे पावलांवरून

आर्डिथ कोश्टालला यंदा शेताच्या शेवटी उभं राहायचंय, हे तिच्या थोरल्या भावाने, रेने, तिला जूनमध्येच सांगून टाकलं. तेही तिच्याच स्वयंपाकघरात, तिनेच भाजलेला कोलाच, खसखस भरलेला गोड पाव, खाता खाता.

"गुडघा नवा बसवलायस, सहासष्ट वर्षांची झालीस. कुत्रा होता तोही गेला. आता लॅडीकाकांच्या शेजारी आरामात उभी राहा. थर्मास भरून कॉफी देतो तुला."

ऑक्टोबरच्या तिसऱ्या शनिवारी फेझंट पक्ष्यांच्या शिकारीचा हंगाम उघडतो. त्या दिवशी अख्खा गोतावळा रांग करून मक्यातून चालतो, कुत्री पुढे वास काढत जातात, आणि पक्षी उडाला की बंदुका वर होतात. रांगेच्या मधोमध रे, कारण त्याच्याआधी तिथे वडील असायचे. शेताच्या दुसऱ्या टोकाला उभे राहतात ते म्हातारे, आजारी आणि शहरातून आलेले जावई. लॅडीकाका अठ्ठ्याऐंशी वर्षांचे, उभ्या उभ्या डुलकी काढतात. आर्डिथ चौदाव्या वर्षापासून त्या रांगेत चालत आली होती. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"कुत्रा मिळाला तर?"

"कुठला कुत्रा?"

तिने खिडकीबाहेर बोट दाखवलं. रेचा मुलगा ट्रॅव्हिस पिकअपजवळ उभा होता आणि पिकअपखाली त्याचा वर्षाचा तपकिरी लॅब्रॅडॉर चारी पाय पोटाशी घेऊन पडला होता. नाव काय, तर मॅग्नम. मोठ्यात मोठ्या काडतुसाचं नाव. ट्रॅव्हिसने पाच महिन्यांचं पिल्लू उचलून थेट निशाणेबाजीच्या मैदानावर नेलं होतं, तीस बंदुका एका दमात धडधडत असताना. का, तर म्हणे आवाजाची सवय व्हावी. सवय झाली ती पिकअपखाली शिरायची. दार आपटलं तरी गडी खाली. ट्रॅव्हिसने त्याच्या नावाने पाणी सोडून जर्मन जातीचा नवा महागडा कुत्रा घेतलाही होता.

रे हसून हसून लाल झाला. "तो बंदुकीखाली टिकला ना, तर तू मधोमध चाल आणि मी जातो शेवटी. पण पळाला, तर पुन्हा रांगेचं नाव काढायचं नाही."

"कबूल," आर्डिथ म्हणाली आणि उरलेले कोलाचे आत ठेवून आली.

नाव आधी बदललं. तिच्या आजोबांच्या प्रत्येक कुत्र्याचं नाव बोबिकच असायचं, म्हणून हाही बोबिक. मग महिनाभर बंदूक नाहीच. नुसती कबुतरं. धान्याच्या कोठारातलं कबुतर धरायचं, बोबिकच्या नाकाजवळ न्यायचं आणि सोडायचं. पहिल्या आठवड्यात तो बघत बसला. दुसऱ्यात शेपटी हलली. तिसऱ्यात तो कबुतरामागे असा सुटला की आर्डिथ नव्या गुडघ्यासकट गवतात बसली आणि बसल्या बसल्या हसत राहिली.

जुलैपासून नवऱ्याला कामाला लावलं. लेनर्ड जवळजवळ बहिरा. हाक ऐकू जायची नाही, म्हणून खूण ठरली होती: आर्डिथने नारिंगी टोपी वर केली, की त्याने बार काढायचा. हातात शाळेच्या शर्यतीत उडवतात तसलं नुसत्या आवाजाचं पिस्तूल. दोनशे पावलांवर कुंपणाशी तो उभा राहायचा. इकडे कबुतर सुटणार, बोबिक धावणार, आणि तो अगदी रंगात आला की टोपी वर. शिकारीच्या नादात कुत्र्याचे कान नुसते हलायचे. दर आठवड्याला लेनर्ड पंधरा पावलं पुढे येणार. आवाज आला म्हणजे पक्षी आहे, एवढंच त्याच्या डोक्यात बसवायचं होतं.

ऑगस्टच्या शेवटी लेनर्ड शंभरावर आला होता. आणि मग एका सकाळी सोयाबीन पिवळं पडलेलं बघून त्याला घाई सुटली. तिला न विचारता तो थेट तिसाव्या पावलावर येऊन उभा राहिला. कुत्र्याकडेच बघत तिने टोपी वर केली आणि कानाशी बार निघाला. बोबिकने कबुतर सोडलं, शेपूट घातली आणि मळणीयंत्राखाली शिरला. तीन दिवस बाहेर आला नाही.

"मला वाटलं, तेवढाच वेळ वाचेल," लेनर्ड म्हणाला.

"माझा भाऊ रांगेतून काढतोय मला, लेनर्ड. वेळ कसला वाचवतोयस?"

ती तोंड फिरवून डोळे पुसत होती. लेनर्डला ऐकू कमी येत असलं, तरी एवढं दिसलं. चौथ्या दिवशी सोयाबीन तसंच टाकून तो आपण होऊन दोनशे पावलांवर जाऊन उभा राहिला. मग सप्टेंबरभर दिवसातून दोनदा, पाऊस असला तरी. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात तो दहा पावलांवर होता आणि हातात खरी बंदूक होती. पण एक बंदूक वेगळी आणि चौदा वेगळ्या, हे दोघांनाही ठाऊक होतं.

शनिवार उजाडला. गवतावर दहिवर होतं. रेने तिला रांगेच्या अगदी कडेला घातलं. "एक शेत. तेवढं बघू."

दहाच्या ठोक्याला रांग हलली. वीस पावलं झाली असतील नसतील, एक पक्षी फडफडत वर आला, कुणीतरी "कोंबडा, कोंबडा" म्हणून ओरडलं, कारण नरच मारायचा, मादी नाही, असा कायदा आहे, आणि चार बंदुका एकदम वाजल्या. बोबिक मटकन खाली बसला. कान मागे, डोळे तिच्याकडे. त्याला जवळ घ्यावं, थोपटावं, असं आर्डिथला फार वाटलं. पण घाबरलेल्याला थोपटलं की त्याला वाटतं, घाबरण्यासारखं आहेच काही. ती त्याच्याकडे न बघता हलकी शीळ घालत पुढे चालत राहिली. दहा पावलं, बारा. मग तिच्या पिंढरीला ओलं नाक लागलं.

शेताच्या शेवटी पाणकणसांची दलदल. तिथे ट्रॅव्हिसच्या गोळीने एक नर पंख मोडून पडला आणि पडल्या पडल्या धावत दलदलीत घुसला. जखमी पक्षी सोडून पुढे जायचं नाही, हा वडिलांचा नियम. रेने रांग थांबवली. जर्मन कुत्रा आत गेला, चार गिरक्या घेऊन बाहेर आला आणि अंग झाडत बसला.

"गेला तो," ट्रॅव्हिस म्हणाला.

"बोबिक, आण," आर्डिथ म्हणाली.

तो आत शिरला. कणसं हलत हलत लांब गेली. नेमकी तेव्हाच लॅडीकाकांची डुलकी मोडली. दलदलीवरून एक कोंबडा उंच उडाला आणि काकांनी दोन्ही बार बरोबर कुत्र्याच्या डोक्यावरच्या आभाळात काढले. कणसं हलायची थांबली.

लेनर्डने बंदूक खाली ठेवून आर्डिथचा हात धरला. आणि मग कणसं पुन्हा हलली, आधीपेक्षा जोरात, आणि पुढेच गेली. आवाज आला म्हणजे पक्षी आहे, हे त्याला पाठ होतं. दोन मिनिटांनी चिखलाने काळा झालेला बोबिक बाहेर आला, तोंडात मान ताठ ठेवलेला जिवंत नर. सगळ्यांना ओलांडून त्याने तो आर्डिथच्या हातात दिला. ती रडली, आणि लपवलंही नाही.

"आत्या," ट्रॅव्हिस हळूच म्हणाला, "मॅग्नम परत दिलास तर..."

"मॅग्नम कोण रे?"

रांगेत हशा पिकला. रे मात्र हसला नाही. बंदुकीतली काडतुसं काढून त्याने ती खांद्यावर टाकली आणि पुढच्या शेताच्या दुसऱ्या टोकाकडे चालायला लागला. आर्डिथने त्याला हाक मारून थर्मास हातात दिला.

"कॉफी भरलीय. काकांना आधी दे, त्यांना गरम लागते."

"बाबांना आवडला असता हा कुत्रा," रे म्हणाला आणि गेला.

आर्डिथ मधोमध येऊन उभी राहिली. डावीकडे सहा, उजवीकडे सहा, पुढे बोबिक. लांबवर रे काकांशेजारी जाऊन उभा राहिलेला दिसला. मग तिने नारिंगी टोपी वर केली आणि रांग चालू लागली.