डाव्या हाताची गाठ

"आई, उद्यापासून तू धक्क्यावर येऊ नकोस," असं माझा लेक म्हणाला, आणि तेही भर सकाळी, चारचौघांत. घरात म्हणाला असता तर पाठीत एक धपाटा घालून मी विषय मिटवला असता. पण हा जाळी सांधायच्या पत्र्याखाली आमच्या बायकांच्या रांगेसमोर उभा राहून बोलला. रांगेतल्या सगळ्या सुया एकदम थांबल्या.

"का रे? धक्का तुझ्या बापाचा आहे का?" मी विचारलं.

"आई, जाळं उघडं राहिलं. गेल्या आठवड्यात शेजारची होडी भरून आली आणि आमचे मासे तू सांधलेल्या पट्ट्यातून निघून गेले. आमच्या डोळ्यांदेखत. तुला दिसत नाही आता, मान्य कर."

"तुझ्या नाकावर माशी बसलीय, ती दिसतेय मला."

माशी नव्हतीच. पण त्याने नाकावरून हात फिरवला आणि बायका खदखदून हसल्या. तेवढ्याने मला जरा बरं वाटलं. पण तो हसला नाही, आणि माझ्या लेकाला हसू आलं नाही म्हणजे तो बापासारखा हट्टाला पेटला, हे मी ओळखलं.

उन्हाळा सरत आला होता. सरत आला म्हणजे संपला नव्हता, जाता जाता सूड घेत होता. डोक्यावरचा पत्रा तडतडायचा, रस्त्याचं डांबर चपलांना धरून ठेवायचं, समुद्र सांडलेल्या तेलासारखा निपचित पडलेला. हवा खायला आलेले पाहुणे छत्र्या मिटून आपापल्या गावी निघाले होते. आठ-दहा दिवसांत वारा फिरणार, आणि वारा फिरला की माशांचा मोठा थवा किनाऱ्याजवळ येतो. फार तर पंधरा दिवस थांबतो. त्या पंधरा दिवसांत जे हाताला लागेल त्यावर आम्ही पावसाळा काढतो. तेव्हा जाळं उघडं असणं म्हणजे काय, हे मला लेकाने शिकवायची गरज नव्हती.

पण माझी जागा म्हणजे काय, हे त्याला शिकवायची गरज होती.

पत्र्याखाली आम्ही बायका एका रांगेत बसून जाळी सांधतो. समुद्राकडच्या टोकाला वारा लागतो. ती जागा वयाने मिळत नाही, गाठीने मिळते. जिची गाठ सगळ्यांत पक्की ती तिथे बसते. मी तिथे एकतीस वर्षं बसले आहे. आणि माझी गाठ डावी आहे. इतर सगळ्यांच्या गाठीचं शेपूट, म्हणजे दोऱ्याचं उरलेलं टोक, उजवीकडे पडतं, माझ्या गाठीचं डावीकडे. लहानपणी मास्तरांनी माझा डावा हात बाकाला बांधला होता, उजव्याने लिही म्हणून. दुसरीतच मी शाळा सोडली, पण हात सोडला नाही. जाळ्याचा तुकडा कुठेही वाहत गेला तरी बंदरावरचं माणूस शेपूट बघून सांगतं, ही म्हातारीची गाठ.

आणि ज्याला जाळ्यावरून उठवतात त्याची रवानगी धक्क्याच्या भिंतीशी असलेल्या निळ्या बाकावर होते. तिथे बसून होड्या मोजायच्या, गुडघ्यांच्या गोष्टी करायच्या आणि कुणी चहा आणून देईल म्हणून मान वळवत राहायचं. चांगली चांगली माणसं त्या बाकावर बसून वर्षभरात वाळली. मला तिथे बसवायला चौघं लागतील आणि त्यातले दोघं जखमी होतील.

"असं कर," मी लेकाला म्हणाले. "हाच फाटका पट्टा परवा दुपारपर्यंत मी सांधते. मग सगळ्यांसमोर जाळं पसर. माझ्या पट्ट्यात एक जरी उघडं घर सापडलं तर मी स्वतः चालत त्या निळ्या बाकावर जाईन. नाही सापडलं तर पुन्हा हा विषय काढायचा नाही." जाळ्याच्या एकेका चौकटीला आम्ही घर म्हणतो. एक घर उघडं राहिलं की शेजारचं फाटतं, मग त्याच्या शेजारचं.

"आई, पैजा कसल्या लावतेस?"

"लाव रे लाव!" रांगेमागून रेडिओ ओरडली. ही मासळी निवडणारी बाई. तिच्या कानात पडलेलं दहा मिनिटांत सगळ्या बंदरावर वाजतं म्हणून तिचं नाव रेडिओ. "काकी, मी साक्षीदार!"

झालं. रेडिओ साक्षीदार म्हणजे आता माघार नाही.

दोन दिवस मी मान वर केली नाही. खरं सांगते, तुमच्यापासून काय लपवायचं, मला घरं नीट दिसत नव्हती. उन्हात दोऱ्याची रेघ हलायची, एकाची दोन व्हायची. मी बोटांनी शोधायचे. बोट आत गेलं की फाटलंय, अडलं की शाबूत. पण बोटं तरी किती घरं चाळणार?

दुपार झाली की सूनबाई यायची. "आई, तुम्ही जेवून जरा पडा. मी बसते जाळ्यापाशी. पक्षी चोच मारतात."

माझी सून डोंगराकडची, शेतकऱ्याच्या घरातली. आली तेव्हा मासा शेपटाला धरून उचलायची आणि तो हातातून सुटला की त्यालाच सॉरी म्हणायची. रांगेत तिची जागा अगदी शेवटची, कचऱ्याच्या पिंपाशेजारी. तिच्या गाठीला मी एकदा सगळ्यांसमोर म्हणाले होते, "ही गाठ आहे का शेंबूड?" तिने तीच गाठ सोडून परत बांधली होती. उलट बोलत नाही म्हणून मला तिचा जास्तच राग यायचा.

"बस," मी म्हणायचे. "पण हात लावू नकोस."

"नाही लावत."

तिसऱ्या दिवशी दुपारी जाळं धक्क्यावर पसरलं. निम्मं बंदर जमलं. बर्फवाल्याने गाडी तशीच सोडली, बर्फ वितळून पाण्याचा ओहोळ आमच्या पायांतून वाहायला लागला, तरी तो हलेना. लेक आणि त्याचे दोन खलाशी गुडघ्यांवर बसून एकेक घर बघत पुढे सरकले. रेडिओ वरून वाकून, "इथे बघ, तिथे बघ," करत होती. मी हाताची घडी घालून उभी.

पट्ट्याच्या शेवटी पोचून लेक उठला. गुडघे झाडले. "नाही," म्हणाला. "एकही नाही."

"मोठ्याने बोल. बर्फवाल्याला ऐकू आलं नाही."

"एकही उघडं घर नाही!"

रेडिओने शिट्टी मारली. बायकांनी टाळ्या पिटल्या. मी रुबाबात खाली वाकले आणि जाळं गोळा करायला लागले. दोरा हातातून सरकत होता आणि सवयीने माझं नख एकेका गाठीवर पडत होतं.

एक गाठ सरकली.

माझी गाठ सरकत नाही. पुढची तपासली, पक्की. त्यापुढची पुन्हा सरकली, केसभर. शेपूट डावीकडेच होतं. आणि डावीकडे शेपूट पाडणारं या बंदरात माझ्याशिवाय कुणी नाही. अशा ढिल्या गाठी एक नाही, दोन नाही, पंचवीस-तीस होत्या.

मी मान वर केली. सूनबाई पिंपाशेजारी उभी होती, हात पाठीमागे.

"इकडे ये," मी म्हणाले. "हात दाखव."

"काय झालं, आई?"

"डावा."

तिने हात पुढे केला. करंगळीच्या मुळाशी दोऱ्याने कापल्याच्या खुणा, जुन्या पांढऱ्या आणि त्यांच्यावर ताज्या लाल. ही पोरगी जेवते उजव्या हाताने, भांडी घासते उजव्या हाताने. मग दोरा डाव्या करंगळीवर कशाला आला?

मग मला आठवलं, गेल्या आठवड्यात चार दिवस ती माहेरी गेली होती. आणि नेमकं त्याच आठवड्यात जाळं उघडं पडलं होतं.

"कधीपासून?" मी हळू विचारलं.

"मागच्या थंडीपासून," ती त्याहून हळू म्हणाली. "आई, कुणाला कळलं नाहीये. राहू द्या ना."

राहू दिलं असतं तर राहिलंही असतं. पैज जिंकलेली होती, टाळ्या पडलेल्या होत्या. पण माझ्या नावावर ढिली गाठ समुद्रात जाणार? या हातासाठी मी शाळा सोडली ती काय यासाठी?

"थांबा सगळे!" मी ओरडले. "या पट्ट्यातली निम्मी भोकं मला दिसलीच नाहीत. ती हिने सांधली. माझी गाठ चोरून."

रेडिओ पुढे होऊन सूनबाईची करंगळी बघायला लागली.

लेकाने आधी बायकोकडे बघितलं, मग माझ्याकडे. "मग, आई..." त्याची नजर निळ्या बाकाकडे गेली.

"तिकडे काय बघतोस? पैज कशावर होती?"

"उघड्या घरावर."

"सापडलं?"

"नाही, पण..."

"मग पण नाही. मी कुठेही जात नाही." मी सूनबाईचं मनगट धरलं, तिला पिंपाशेजारून ओढत रांगेच्या समुद्राकडच्या टोकाला आणलं आणि माझ्या डाव्या हाताला बसवलं. शेजारणीला म्हणाले, "सरक." ती सरकली. "आता ऐका. भोकं ही शोधणार, गाठ मी मारणार. हीसुद्धा गाठी मारेल, पण माझ्या नखाखालून गेल्याशिवाय जाळं होडीत चढणार नाही. ज्या दिवशी हिची गाठ माझ्या नखाने सरकणार नाही, त्या दिवशी मी आपण होऊन उठेन. त्याआधी मला कुणी उठवून दाखवा."

लेक डोकं खाजवत होडीकडे गेला. त्या सगळ्या ढिल्या गाठी आम्ही दोघींनी त्याच दुपारी कापून पुन्हा बांधल्या. मी तिला दोरा करंगळीवर कसा घ्यायचा ते दाखवलं, म्हणजे हात कापत नाही. "सात महिने हात कापून घेतलास, विचारलं का नाहीस?" म्हटलं तर म्हणाली, "तुम्ही शेंबूड म्हणाला असतात." म्हणाले असते, खरंच.

वारा नवव्या दिवशी फिरला. थवा आला, होडी काठोकाठ भरून आली, आणि आमच्या पट्ट्यातून बोटाएवढी मासोळी निसटली नाही.

आता रोज दुपारी ती एक गाठ बांधून माझ्यासमोर धरते. मी नख लावते.

काल लावलं. पुन्हा लावलं. अंगठ्याचा सगळा जोर दिला. गाठ दगडासारखी.

"सरकते का, आई?"

समोर निळा बाक रिकामा होता. उन्हात चकाकत होता.

"सरकते," मी म्हणाले. "परत बांध."

तिने गाठीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग कात्री घेतली, गाठ कापली आणि गुमान दुसरी बांधायला बसली.