दुधी भोपळ्याचं नासकं रक्त

गुरुवारी जऊळक्याच्या स्टेशनावर उतरणाऱ्याला लालतीर्थ महाराजांची वाट विचारावी लागत नसे. पुढे खाजवत चाललेल्या माणसामागे गेलं की तो नेमका मांडवात पोचायचा. तिथे गजकर्णवाले, नायटेवाले, खरूजवाले एकाच सतरंजीवर मांडीला मांडी लावून बसायचे आणि आपापला आजार एकमेकांना मोकळ्या मनाने वाटून द्यायचे.

"रोग कातडीत नसतेच," महाराज सांगत. "रोग रक्तात असते. डॉक्टर सुई टोचून रक्त काढते, अन् आपण बिनसुईचं काढतो. जखम नाही, रिपोर्टची वाट पाहनं नाही."

चेला दुखऱ्या जागी हळदीचा लेप चोळायचा. महाराज डोळे मिटून मंत्र म्हणत झारीतलं तीर्थ त्यावर सोडायचे. झारीतून पडताना पाण्यासारखं नितळ असलेलं ते तीर्थ खालच्या पांढऱ्या परातीत पडेस्तोवर लालभडक व्हायचं. ज्या गावात दर वर्षी दारोदार हळद शिजते, ते अख्खं गाव परातीत डोकावून हात जोडायचं.

रूपालीही दोन गुरुवार हात जोडून आली होती. मांडीवर आठ महिन्यांचा गोलू. त्याच्या तळहातांवर, तळपायांवर, काखेत बारीक पुरळ उठलं होतं. अंधार पडला की लेकरू अंगाला ओरबाडायचं. दीड महिना ना तो झोपला होता, ना ती. नखं लागू नयेत म्हणून ती त्याच्या इवल्या मुठींना जुन्या धोतराचे मऊ तुकडे बांधायची आणि तो ते चोखून ओले करायचा.

उपकेंद्रातल्या रेणू सिस्टरने मलमाच्या ट्यूबा दिल्या होत्या. "खरूज आहे ही. घरातल्या पाचही जनांनी एकाच रात्री लावा," असंही बजावलं होतं.

पण सासूबाईंना, गोजराबाईंना, ते पटलं नव्हतं. "खाज लेकराले, अन् मलम आमाले कायले? आमचा बुढा त जलमापासूनच खाजवते."

मलम एकट्या गोलूला लागलं. लावून झाल्यावर त्याला रोजच्यासारखं आजा-आजीच्या मधे, त्याच गोधडीत निजवलं. आठवड्यात खाज परत आली. सिस्टरचं औषध खोटं ठरलं आणि महाराज खरे ठरले.

तीर्थ पडलं की गोलू किंचाळायचा. "रडते म्हंजे दोष सुटून राह्यला," महाराज म्हणायचे. दुसऱ्या खेपेला काखेतली कातडीच सोलली. महाराजांनी गोजराबाईंना सांगितलं, "येत्या गुरुवारी तीर्थ कडक करू. तोवर दवाखान्याचं काही लावलं, त जिम्मेदारी माही नाही."

मंगळवारी रूपाली मागच्या अंगणात गोलूची झबली धूत होती. लेपाचे पिवळे डाग. तिने साबण घासला आणि तिचा हात थांबला. डाग लाल झाले होते. दगडावरून लाल ओघळ चालला होता.

"आई, हे पाहा."

"काय पाहू?" गोजराबाई तूर पाखडता पाखडता म्हणाल्या. "हळदीले साबन लागला का लाल होतेच. माह्या लग्नाचं हळदीचं लुगडं धुतलं तवा मायने सांगतलं होतं."

"मंग परातीत काय असते?"

सूप थांबलं. गोजराबाईंनी पुढे सरकून त्या लाल ओघळात बोट बुडवलं. चाळीस वर्षं त्यांनी हे रक्त स्वतःच्या हाताने धुतलं होतं.

"पन महाराजाच्या पान्याले फेस कुठी येते?" त्या हळूच म्हणाल्या.

ओसरीवर सासरे जानराव तंबाखू मळत होते. रूपालीने त्यांच्या डबीतला चुना वाटीभर पाण्यात कालवला, निवळू दिला आणि वरचं नितळ पाणी हळद लावलेल्या बोटावर ओतलं. लाल. फेस नाही.

"अन् हे चुन्याचं पानी आपन लेकराच्या सोललेल्या काखेत सोडून राह्यलो," ती म्हणाली. गोजराबाई उठल्या आणि कुंपणावरचा एक लांबट दुधी तोडून घेऊन आल्या.

गुरुवारी गोलूला बाप ऋषिकेशपाशी ठेवून तिघं मांडवात गेले. रेणू सिस्टरही आल्या आणि मागे उभ्या राहिल्या. लेकराचा चेहरा झाकलेला हवा, नाहीतर दोष उलटतो, असा महाराजांचाच नियम. रूपालीने दुपट्यातून तेवढी पाठ उघडी केली. चेल्याने घाईघाईत लेप चोळला, महाराजांनी डोळे मिटून झारी वाकडी केली. परात लाल झाली.

"बापाकडचा दोष आहे," महाराज म्हणाले. "आज्याचं रक्त नासकं."

"आज्यावर काहून जाता महाराज?" जानराव उठले. "याचा आजा आमच्या कुपावरचा वेल होय."

त्यांनी दुपटं ओढलं. आत हळद माखलेला दुधी होता. मग मागून एका बाईला हसू फुटलं आणि ते सतरंजीभर पसरलं. खरूजही इतक्या झपाट्याने पसरली नव्हती.

चेला ओरडला, "पाहा, महाराजांची कृपा भाजीवरही होते." दोघाचौघांचे हात जोडण्यासाठी वर आलेही. पण रूपालीने आपल्या मनगटाला हळद लावून सोबत आणलेल्या बाटलीतलं चुन्याचं निवळलेलं पाणी ओतलं. लाल ओघळ कोपरापर्यंत गेला.

"हे रक्त नाही. हळदीले चुना लागला का हेच होते. सोडा लागला, साबन लागला, तरी हेच. तुमी सगळ्याजनी घरी धुता ना कपडे?"

बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. महाराजांनी गर्दी शांत करायला दोन्ही हात उंचावले, आणि मग त्यांच्या बोटांच्या बेचक्या पुढच्या रांगेला स्पष्ट दिसल्या. तेच पुरळ. तेच ओरखडे. दर गुरुवारी दोनशे जणांची खरूज हाताळून दुसरं काय मिळणार?

"महाराज," सिस्टर शांतपणे म्हणाल्या, "तुमीही या उपकेंद्रात. ट्यूब फुकट आहे."

महाराज दुपारच्याच गाडीने गेले. त्या संध्याकाळी गोजराबाईंनी जानरावांना खाटेवर बसवलं आणि मानेपासून तळपायापर्यंत मलम चोपडलं, बेचक्याही सोडल्या नाहीत. बाकीच्यांनीही त्याच रात्री लावलं. गोलूला सिस्टरने दाखवल्याप्रमाणे डोळे आणि ओठ सोडून डोक्यालाही लावलं. सकाळी सगळ्यांची आंघोळ, कपडे आणि गोधड्या कढत पाण्यात आणि मग कडक उन्हात. आठ दिवसांनी पुन्हा एकदा. काख मालेगावच्या डॉक्टरला दाखवली. खाज काही एका दिवसात गेली नाही. मेलेल्या किड्यांचीही खाज दोन-चार आठवडे राहते, हे सिस्टरने आधीच सांगून ठेवलं होतं.

तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी रूपाली दचकून जागी झाली. उजाडलं होतं आणि रात्री तिला कोणी उठवलं नव्हतं. गोलू पोटावर पालथा, तोंड उघडं टाकून झोपला होता. त्याच्या पाठीवर हात ठेवून तिने पुन्हा डोळे मिटले.

बाहेर गोजराबाई शेजारणींना सांगत होत्या, "कोनं काही लाल करून दाखवलं, पिवळं करून दाखवलं, त त्याच्या परातीत नका पाहू बायांनो. कायनं झालं ते विचारा. अन् लेकरू रात्री झोपलं का, तेवढं पाहा."

मग आतला अंदाज घेत त्यांनी आवाज खाली आणला. "हळू बोला वं. दोघंही झोपले हायेत."