झाकणभर झोप

मी एक जुनी, अर्धी उरलेली बाटली आहे, मित्रांनो. माझ्या पोटात अ‍ॅलर्जीचं गुलाबी औषध आहे. ते गोड आहे, आणि त्या गोडपणाचाच मला आता संताप येतो.

कारखान्यात मला भरलं, घट्ट झाकण लावलं आणि चाकूरच्या एका मेडिकलमध्ये पाठवलं. तिथून मी रेणुकाच्या घरी आले. मळणीचा भुस्सा लागून तिच्या लहानग्या आनंदराजच्या अंगावर गांधी उठल्या होत्या. लेकरू खाजवून खाजवून बेजार झालं होतं. डॉक्टरांनी सांगितलं तेवढंच तिनं पाजलं, आणि संध्याकाळपर्यंत अंग साफ झालं. "काय गुणाचं औषध हाय गं!" शेजारची चांदबी म्हणाली. मी किती फुगले म्हणून सांगू!

पण माझ्यानं गुंगी येते. रेणुकानं नेमकं तेवढंच ध्यानात ठेवलं. सोयाबीनच्या मळणीवर मुकादम व्यंकटराव तिला म्हणाला होता, "रडकं पोरगं आणायचं असंल तर घरीच बस." घरी सांभाळायला कुणी नव्हतं. मग गांधी गेल्या तरी रोज सकाळी झाकणभर मी. आनंदराज बांधावर लिंबाखाली दिवसभर निपचित पडून राही. "लई गुणी लेकरू हाय, आवाज सुदीक न्हाई," व्यंकटराव कौतुक करी. वा रे कौतुक!

पुढं झाकणभर पुरेना. एके दिवशी तिनं दोन झाकणं पाजली. दुपारी जवळ घ्यायला गेली, तर लेकरू हलेना. श्वास अगदी मंद झाला होता. मळणीवरच असलेली चांदबी आणि ती, दोघी त्याला उचलून दवाखान्यात धावल्या.

"साप-किरडू चावलं का?" डॉक्टरीणबाई त्याचे पाय तपासत म्हणाल्या. "काही पाजलं होतं?"

"न्हाई मॅडम. काईच न्हाई."

अहो, मी तिच्याच पिशवीत होते! ओरडून सांगावंसं वाटत होतं, पण माझं कोण ऐकणार? तिकडं डॉक्टरीणबाई सापाच्या खुणा शोधत बसल्या.

चांदबीनं तिला दंडाला धरून हलवलं. "बोल की माय! लेकरू चाललं!"

तेव्हा कुठं रेणुकानं मला बाहेर काढलं. "कामावर रडतंय म्हणून..." डॉक्टरीणबाईंनी माझ्यावरचं नाव वाचलं आणि एकदम धावपळ सुरू झाली.

मग जो तो मलाच विष म्हणू लागला. व्यंकटरावाला कुणी एका शब्दानं विचारलं नाही. मित्रांनो, मी खाजेचं औषध आहे, मला झोपेचं करू नका. आणि चूक झालीच, तर डॉक्टरांपुढं माझं नाव लपवू नका. लाज नंतर वाटून घ्या.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यातच आनंदराजनं डोळे उघडले आणि मोठ्यानं भोकाड पसरलं. रेणुकानं त्याला छातीशी कवटाळलं, आणि सवयीनं झटकन त्याच्या तोंडावर हात ठेवला. "गप, सोन्या, गप!"

चांदबीनं तो हात हळूच बाजूला केला.

"रडू दे माय त्याला. हितून तुला कोण हाकलत न्हाई."