एकाच जागी ओरडणारं तरस

पातेल्यावरचं झाकण खणकन वाजलं आणि लगेच, कुणीतरी हाताने दाबून धरावं तसं, गप्प झालं.

गोसेगो पांघरुणाखाली डोळे उघडे ठेवून पडून राहिली. कुशीत पाच वर्षांची लारोना तोंड उघडं टाकून झोपली होती, तिचा ऊन ऊन श्वास आईच्या गळ्यावर येत होता. मघाशीच तरस ओरडलं होतं, तीनदा. त्यानंतर साऱ्या तळावर चिडीचूप. तरस ओरडलं की डोक्यावरून पांघरूण घ्यायचं आणि तळावरची वडीलधारी बाई ‘गेलं’ म्हणेपर्यंत डोकं बाहेर काढायचं नाही, हा रिवाज आज्यापणज्यांपासूनचा. पण तरसाला चालताना पातेलं लागतं, आणि लागलेलं पातेलं ते दाबून धरतं, हे गोसेगोने आजवर ऐकलं नव्हतं.

“गेलं गं. झोपा आता,” शेजारच्या फांद्यांच्या पालातून तिच्या नणंदेचा, मा-कित्सोचा, आवाज आला.

सकाळी गोसेगोने आधी पोतं पाहिलं. काल तिच्या कमरेला लागत होतं, आज दोन बोटं खाली आलं होतं. ही चौथी खेप.

एप्रिलचा हंगाम होता. मोपानीच्या झाडांवर फाने, म्हणजे वाळवून खायच्या बोटभर काटेरी अळ्या, लगडल्या होत्या आणि गावातल्या बाया पोरंबाळं घेऊन रानात तळ टाकून बसल्या होत्या. दिवसभर फाने वेचायचे, एकेक पिळून आतला हिरवा गाळ काढायचा, मग वाळवायचे. बाकीच्या बाया मिठाच्या पाण्यात उकळून वाळवत. गोसेगो तेवढी आईच्या पद्धतीने निखाऱ्यांच्या राखेत भाजायची, त्यामुळे तिचे फाने काळेकुट्ट व्हायचे आणि हातही. भरलेलं पोतं पालात घ्यावं तर दमटपणाने बुरशी धरते, म्हणून ते बाहेर, दाराशी. यंदा दोन पोती भरून विकली की छपराचे पत्रे येणार होते. सासूच्या अंगणातली चार वर्षांची उधारीची खोली सुटणार होती. लारोनाला तर तिने कबूलच केलं होतं, पाऊस पडला की आपल्या पत्र्यावर वाजेल.

आगटीभोवती बाया आंबील पीत बसल्या होत्या.

“काल फारच जवळ आलं होतं बाई,” मा-बोन्तले म्हणाली. “त्यापेक्षा आमच्या ह्यांचं घोरणं परवडलं. निदान चावत तरी नाही.”

“चावत असतं तर एवढी पोरं झाली नसती तुला,” कुणीतरी म्हणालं, आणि हसू फुटलं.

गोसेगो हसली नाही. “मला एक सांगा, ते हलत कसं नाही?”

“कोण?”

“तरस. आमच्या गुरांच्या तळावर लहानपणी रोज ऐकायचो आम्ही. ते चालत चालत ओरडतं. एक हाक इथं, तर दुसरी पार ओढ्यापलीकडं. आणि चांगल्या आठ-दहा हाका. हे रोज एकाच जागेवरून, तीनच, मोजून. हे खरं तरस नव्हे.”

तिला म्हणायचं होतं, हा माणसाचा गळा आहे. पण आगटीभोवतीचं हसू एकदम विझलं तेव्हाच तिला कळलं, की आपण बोललो एक आणि बायांनी ऐकलं दुसरंच. खरं तरस नव्हे, म्हणजे कुणाचंतरी तरस. चेटकिणी रात्री तरसावर बसून फिरतात हे इथं पोरासोरांनाही ठाऊक होतं. सगळ्यांच्या माना एकाच दिशेला वळल्या.

तिकडे, वारुळापाशी, माई-रुफारोचं पाल होतं. ती शाशे नदीच्या पलीकडची, परक्या मुलखातली, एकटीच आलेली. तळापासून तीसेक पावलं लांब राहायची आणि कसल्याशा मुळ्या उकळायची. लारोनाला खोकला झाला तेव्हा तिने वाटीभर काढा आणून दिला होता, वर मध घालून. गोसेगोने तो तोंडभर हसून घेतला आणि तिची पाठ वळताच ओतून दिला. लारोना मात्र तिच्या मागेमागेच असायची.

“आवाज तिकडूनच येतो, नाही का?” मा-बोन्तले हळूच म्हणाली.

आता गोसेगोने बोलायला हवं होतं. म्हणायला हवं होतं, अगं, मी चेटकाचं नाही, चोराचं म्हणतेय. ती बोलली नाही. चेटूक तिला पटत नव्हतं, पण चोरी पटत होती, आणि चोर कोण तेही तिने मनाशी केव्हाच ठरवून टाकलं होतं. चेटकीण म्हणून जाईना का, गेली म्हणजे झालं.

“उगाच कुणाचं नाव घेऊ नका,” मा-कित्सो म्हणाली. मग आंबिलीचा वाडगा चाचपत खाली ठेवत पुढे म्हणाली, “पण पोरं लहान आहेत तळावर.”

तेवढं पुरलं.

माई-रुफारो फाने पिळत बसली होती. सहा बाया समोर येऊन उभ्या राहिल्या तरी ती उठली नाही. तरसाचं, गोसेगोच्या पोत्याचं, सगळं ऐकून घेतलं. मग उठली, आपलं पोतं उचललं आणि चटईवर उपडं केलं.

“बघा. हवे तर हात घालून बघा.”

सगळे फाने मिठाचे, पिवळट करडे. काळा एकही नव्हता. गोसेगोची नजर ढिगावरून फिरली, परत फिरली.

“तू राखेत भाजतेस ना?” माई-रुफारोने तिलाच विचारलं. “तुझ्या हातांवरून कळतं. ह्यात तुझा एक तरी आहे का? तूच सांग ह्यांना.”

गोसेगोच्या घशाशी शब्द आला होता.

“चेटकीण का पोत्यात ठेवील?” मा-बोन्तले मध्येच कडाडली. “तिच्याकडे काय जागा कमी असतात?”

आणि तो शब्द पुन्हा खाली गेला. सगळ्या जणी एका बाजूला, त्यांत नणंद, आपण धाकटी सून. घर अजून व्हायचं होतं. तिने काळे हात शालीत ओढून घेतले.

माई-रुफारोने फाने परत भरले, पोतं डोक्यावर घेतलं आणि तळ सोडून नदीच्या वाटेला लागली. लारोना धावत तिच्यामागे निघाली तेव्हा गोसेगोने दंडाला धरून मागे ओढली, जरा जास्तच जोरात. पोर रडली. दिवसभर तिने आईशी अबोला धरला.

त्या रात्री तळ निर्धास्त झोपला. गोसेगोला मात्र डोळा लागेना. ढिगावरचा तो पिवळट करडा रंग मिटल्या डोळ्यांपुढे येत होता. माझे फाने तिच्याकडे नव्हते, मग कुणाकडे आहेत? मा-बोन्तलेकडे? तिच्या मोठ्या पोरीकडे? एकेकीचं पाल ती मनातल्या मनात उघडून पाहत होती. एकच तेवढं उघडायचं तिला सुचलं नाही.

चंद्र वर आला आणि तरस ओरडलं.

तीन हाका. जागा तीच, वारुळापाशी, रिकाम्या पालाच्या बाजूला.

तळावर पांघरुणं खसखसली, डोकी झाकली गेली. गोसेगोने डोकं झाकलं नाही. पालाच्या फांद्यांत दोन बोटांची फट होती, तिला तिने डोळा लावला.

वारुळाकडून एक बाई येत होती. हातात रिकामा पत्र्याचा डबा, त्यात तोंड घालून ओरडल्यावर आवाज किती घुमत असेल! चांदणं पिठासारखं पडलं होतं, तरी ती एकेका पालावर हात ठेवत, मोजत असल्यासारखी चालत होती. गोसेगोच्या दाराशी येऊन गुडघ्यांवर बसली. पोतं तिने पाहिलं नाही, चाचपलं.

वन्सं.

चोरी पाहून यावा तो राग गोसेगोला आलाच, पण त्याच्या आधी गेल्या दहा दिवसांतल्या कितीतरी गोष्टी येऊन उभ्या राहिल्या. “तुम्ही व्हा पुढं, मी येते मागून.” वाडग्याच्या बाहेर सांडलेली आंबील. फक्त हाताला लागतील तेवढ्याच खालच्या फांद्या. हिनेच गोसेगोला काटे न टोचता फाने कसा पिळायचा ते शिकवलं होतं. लारोनाच्या वेळी तीन रात्री उशाशी बसली होती. जिचं पोतं वीस वर्षं तळावर पहिलं भरत आलं, तिला झाडावरचा फाने दिसत नव्हता, आणि ते कुणाला कळू द्यायचं नव्हतं. कळलं असतं तर पुढच्या वर्षी तिला अंगणात बसवून कलिंगडाच्या बिया सोलायला दिल्या असत्या.

ओरडायला एक शब्द पुरे होता. बाया धावल्या असत्या. पण त्या काय म्हणून धावल्या असत्या? सकाळचा ‘चेटकीण’ हा शब्द अजून त्यांच्या जिभेवर ऊनच होता, आणि तो गोसेगोनेच तिथे ठेवला होता. डबा कुणी पाहिला नसता. रात्री तरसाच्या आवाजात हिंडणारी बाई, एवढंच पाहिलं असतं.

गोसेगोने तोंडात शालीचा कोपरा धरला.

मा-कित्सोने दोन ओंजळी घेतल्या. तिसरी घेता घेता थांबली, अर्धी परत टाकली. पोत्याचं तोंड झोपलेल्या लेकराचं पांघरूण सारखं करावं तसं दुमडलं आणि पालांवर हात ठेवत ठेवत गेली.

थोड्या वेळाने शेजारून आवाज आला, नेहमीसारखाच, मायेचा.

“गेलं गं. झोपा आता.”

गोसेगो वळली तर कुशीत दोन टक्क डोळे.

“आई,” सबंध दिवसात लारोना पहिल्यांदा बोलली. “तरस आलं होतं ना आत्ता?”

“हो. झोप.”

“पण माई-रुफारो तर गेली.”

“झोप म्हटलं ना राणी.”

लारोना आणखी जवळ सरकली. मग आईचा काळा हात आपल्या गालाखाली ओढून घेत तिने विचारलं, “मग तिला आपण कशाला घालवलं?”