ओल्या केसांची टाचणी

मुलांनो, जरा डोळे मिटा. समजा, तुम्ही शिवणकामाच्या दुकानात उभे आहात. मशीनची खडखड, इस्त्रीची वाफ, पायाखाली चिंध्या. आणि मधोमध बारा वर्षांची एक पोर, केसांतून टपटप पाणी गळणारी. अंगानं काडी, म्हणून सगळे तिला टाचणी म्हणत.

त्याच सकाळी तिचा बाप्तिस्मा झाला होता. कंबरभर पाण्यात चर्चच्या पाळकांनी विचारलं, "येशूच्या मागे चालशील?"

"चालेन," ती सगळ्यांसमोर खणखणीत म्हणाली होती.

पण एक गोष्ट तिला आठ दिवस आतून खात होती. गिऱ्हाइकाच्या निळ्या कोटावर इस्त्री तशीच ठेवून ती खिडकीत रेंगाळली आणि कोट जळला. आळ आला दुकानात काजं करायला येणाऱ्या मावशीवर. दुकान आत्याचं. तिनं मावशीला त्याच दिवशी घरी बसवलं. टाचणीनं मात्र तोंडातून ब्र काढला नाही.

आता तिनं आत्याला सगळं सांगून टाकलं.

आत्यानं टॉवेल पुढे केला. "बरं झालं, तुझं पाप आजच धुतलं गेलं. आता कशाला उकरतेस? केस पूस आणि गप्प बस."

"पाण्यात मी उतरले, आत्या. मावशीचं नाव अजून काळंच आहे."

"मोठी शहाणी! कोटवाल्याला मी काय तोंड दाखवू?"

"तू नको दाखवूस. मी दाखवते."

"अगं, सकाळी पाण्यात गेलीस ना? मग झालं की!"

"झालं कुठे? सकाळी नुसतं 'चालेन' म्हटलंय. चालले कुठेय अजून?"

आत्याचा पारा चढला. "हा उंबरा ओलांडलास, तर वर्षभर मशीनला हात लावू देणार नाही. सांगून ठेवते!"

मशीन शिकायचं म्हणूनच तर टाचणी रोज शाळेतून धावत यायची. तिनं मशीनकडे पाहिलं, मग आत्याकडे.

"नको लावू देऊस," ती म्हणाली.

टॉवेल तिनं घडी घालून ठेवला, कोरडाच. मावशीचं बोटात घालायचं अंगुस्तान अजून खणात पडलं होतं, ते मुठीत घेतलं. तसंच गळतं डोकं घेऊन ती आधी कोटवाल्याच्या दारात गेली आणि म्हणाली, "कोट मी जाळला. मावशीनं नाही." मग गल्ली ओलांडून तिनं मावशीची कडी वाजवली.