न तापवलेली वाटी

मी दह्यातला एक जीवाणू बोलतोय. माझा जन्म स्टीलच्या डब्यात, कोमट दुधात झाला. आमच्यात एकाचे दोन व्हायला तासभरही लागत नाही, त्यामुळे आजोबा कोण आणि नातू कोण, हा वाद आम्ही घालत नाही.

त्या घरात एक बस ड्रायव्हर राहायचा. दाढ सुजली म्हणून त्याने डॉक्टरांनी दिलेल्या प्रतिजैविकांच्या गोळ्या घेतल्या. दाढ बरी झाली, पण पोट बिघडलं. गोळ्यांनी वाईट जंतूंबरोबर आतड्यातले चांगले रहिवासीही मारले होते. सोमवारी त्याला चार तासांची गाडी न्यायची होती. जमत नसेल तर डेपोतलं टेबल सांभाळा, असं साहेबांनी सुनावलं होतं. बावीस वर्षं स्टिअरिंग धरलेल्या माणसाला ते कसं रुचणार?

डॉक्टर म्हणाले, दही खा. बायकोने ते फारच मनावर घेतलं. थंड बाधेल म्हणून ती रोज वाटीभर दही वाफ येईपर्यंत तापवायची! दही फुटायचं, माझे भाऊबंद मरायचे आणि तो बिचारा नाक मुरडत गिळायचा. डब्यात माझा जीव तीळ तीळ तुटायचा.

बुधवारी नणंद आली. ती दवाखान्याच्या प्रयोगशाळेत काम करते.

"वहिनी, अगं हे काय करतेस?"

"ऊब देतेय, वन्सं. तुमच्या दादांना थंड सोसत नाही."

"अगं, जिवंत असतात ते! तू त्यांना उकडून वाढतेयस."

बायकोचा चेहरा पडला. "म्हणजे इतके दिवस मीच..." तिने गॅस बंद केला आणि डब्यातून दुसरी वाटी भरली. त्या वाटीत मी होतो.

जठरातल्या आम्लात निम्मे सोबती गेले. आतड्यात पोहोचलो तर शुकशुकाट! आम्ही कामाला लागलो, आगंतुकांना पाय रोवू दिले नाहीत. आतड्याच्या भिंतीत प्रतिकारशक्तीचं मोठं ठाणं असतं. तिथले शिपाई दिसेल त्यावर काठी उगारत होते. आमच्या संगतीने ते जरा निवळले. मग कोपऱ्यात लपलेले जुने रहिवासी बाहेर आले. खरं श्रेय त्यांचंच, आम्ही तोवर घर सांभाळलं.

सोमवारी तो गाडी घेऊन गेला. परतला तेव्हा बायको दारातच होती.

"अहो, कसं झालं?"

"वेळेवर पोहोचलो. मधे कुठे उतरावं लागलं नाही."

ती हसता हसता रडली. मला फार बरं वाटलं.

मी इथला पाहुणा, एक-दोन दिवसांत निघेन. जुन्या रहिवाशांची आता इतकी दाटी झालीय की मलाच सरकून बसावं लागतं, आणि हवं होतं ते हेच. अधूनमधून आम्हाला बोलवत जा. मुक्कामाला नाही, पण मदतीला नक्की येऊ.