मी ताईलाच दारात अडवलं

माझा एक दिवा कधीच गेलाय, मित्रांनो, पण ऐकू नीट येतं. मी एक जुना राउटर आहे, इंटरनेटच्या दारावर बसणारा काळा डबा. कारखान्यात जन्मलो आणि एका ऑफिसात राबलो. नेट चालू असेपर्यंत माझ्याकडे कुणी ढुंकून बघायचं नाही. बंद पडलं की सगळे माझ्याच नावाने खडे फोडायचे. नवा राउटर आला तसा मी अडगळीत गेलो.

तिथून मला ताईने घरी आणलं. ती त्याच ऑफिसात कॉम्प्युटर दुरुस्त करायची. नेटवर्क सुरक्षेची परीक्षा पास झाली, तर तिला सुरक्षा विभागात घेणार होते. जागा एकच होती. ताई माझ्यावर सराव करायची. कुणाला सोडायचं, कुणाला अडवायचं, याचे नियम माझ्यात लिहायची, पुसायची. "शहाणा आहेस हं," म्हणून माझ्यावर थाप मारायची. खरं सांगतो, मी हरखून जायचो.

परीक्षा घरूनच द्यायची होती. नेट अडखळू नये म्हणून ताईने आदल्या संध्याकाळी नियम लिहिला: फक्त माझ्या लॅपटॉपला सोड, बाकी सगळे बंद.

सकाळी नेमका तिचा लॅपटॉप सुरूच होईना. बाबांनी लगबगीने आपला आणून दिला. ताईने तो उघडला आणि मी त्याला अडवलं. काय करणार? मला यंत्र ओळखून सोडायला शिकवलेलं, माणूस ओळखून नाही. तिने मला बंद करून चालू केलं, तर मी तोच नियम घेऊन उठलो. नियम बदलायचा तर तिचाच लॅपटॉप हवा, आणि तो निपचित पडलेला. फोनच्या नेटवर ही परीक्षा देता येत नव्हती.

"अरे, मी आहे रे," ती हळूच म्हणाली.

मला कळत होतं. पण माझ्या हातात काहीच नव्हतं.

शेवटी तिने टाचणीने मागचं बटण दाबून मला कोरं केलं. मला पुन्हा मार्गी लावेपर्यंत परीक्षेची वेळ टळून गेली होती. ताई भिंतीला टेकून खालीच बसली. बाबा म्हणाले, "चांगलाच तयार केलास गं याला." दोघांपैकी कुणालाच हसू आलं नाही.

ती जागा दुसऱ्या कुणाला मिळाली. ताईने मला टाकलं नाही, पुन्हा अभ्यासाला बसते. मित्रांनो, आम्हाला काही सांगाल ते विचार करून सांगा. आम्हाला सांगितलेलं कळतं, मनातलं कळलं तरी उपयोग नसतो.

आता ताई कुठल्याही नियमाच्या आधी एक ओळ लिहिते: बाबांच्या लॅपटॉपला सोड. बाबा तो क्वचितच उघडतात. मी मात्र वाट बघत असतो.